दिवेलागणीपर्यंतचा होकार

बनशंकरी, बंगळूर
१२ जून १९९६

ति. सौ. संध्याअक्का,

नंदूचा नमस्कार. तू पत्राची शेवटची ओळ आधी वाचतेस आणि मग घाबरतेस. या वेळी तसे करू नकोस. मामा ठीक आहेत. गेल्या आठवड्यात त्यांना इस्पितळातून घरी आणले. फोन त्यांच्या खाटेशेजारी ठेवला आहे, त्यामुळे फोनवर तुला घरातले कोणीच नीट काही सांगणार नाही. म्हणून लिहितो.

गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर त्यांच्या हृदयाचे काम फार कमी झाले आहे. पायांवर सूज येते. न्हाणीघरापर्यंत गेले तरी धाप लागते. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून देतात आणि उरलेले आपण समजून घ्यायचे असते. घरात इतकी शांतता आहे, की शेजारच्या बाईंनी मामींना विचारले, "यजमान्रु ऊरिगे होगिदारा?" म्हणजे मालक गावाला गेले आहेत काय.

तुला आठवते ना, पाणी हवे असले तर तुझे अप्पा "या घरात कोणी जिवंत आहे का?" असे ओरडायचे. आता म्हणतात, "स्वल्प पाणी दे, बाळ." पहिल्या दिवशी बाळ कोण म्हणून मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

दुसरी गोष्ट तबकाची. आपल्या घरची पद्धत तीच चालू आहे. कोणाला काही करायचे असेल तर त्याने विड्याचे तबक घरच्या कर्त्यापुढे ठेवून सांगायचे. कर्त्याने हाताने तबक मागे सरकवले तर नकार. दिवेलागणीपर्यंत जागचे हलले नाही तर होकार. तुझ्या आठवणीत एखादे तबक दिवेलागणीपर्यंत टिकले होते का? माझ्या आठवणीत तर बहुतेक तबके भिंतीपर्यंत गेली.

मामा घरी आल्यापासून मात्र सगळी टिकली. पहिले मामींनी ठेवले, केबल टीव्ही घेऊ का म्हणून. मामांचा हात चादरीवर होता तसाच राहिला. मग तुझ्या भावाने, अभिराजने ठेवले. इलेक्ट्रॉनिक सिटीत त्याच्याच कंपनीत दिव्यश्री म्हणून गौडांची मुलगी आहे, तिच्याशी लग्न करायचे आहे. तेही टिकले. मग आपल्या मराठा मंडळाचे उपाध्यक्ष उपेंद्रराव आले. जिथे दसऱ्याला शस्त्रपूजा होते ते मंडळाचे सभागृह कॉम्प्युटर क्लासला द्यायचे आहे. अध्यक्ष मामा, म्हणून तबक मामांपुढे. ठेवताना उपेंद्रराव इतके वाकले की खिशातले पेन विड्यावर पडले. दिवा लागल्यावर जाताना म्हणाले, "काय दिलदार माणूस! आपण कधी ओळखलंच नाही."

चौथे तबक माझे होते. माझ्या मालकांच्या, आप्पाजींच्या, छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम आता फार दिवस राहणार नाही, म्हणून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, शिकू का असे विचारले. मामा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. तबक हलले नाही.

डॉक्टर विश्वेश्वर आणखी एक तपासणी आणि कसलेसे ऑपरेशन म्हणत होते. पण मामींचे मत विश्रांतीकडे आहे. काळजी नसावी.

तुझा,
नंदू

---

पुणे
२३ जून १९९६

चि. नंदू,

तुझे पत्र मिळाले. तबकांवर दोन पाने आणि डॉक्टरांवर दोन ओळी! "कसलेसे ऑपरेशन" म्हणजे काय रे? पत्रिकेत चुलत्याच्या नावाची एक मात्रा राहिली तर सगळा गठ्ठा परत छापायला लावणारा मुलगा तू, आणि माझ्या वडिलांच्या हृदयाबद्दल लिहिताना "कसलेसे"?

बाळ जेमतेम महिन्याचे आहे. सासूबाई मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. नाहीतर आज रात्रीच्या गाडीने आले असते. फोन केला तर आई म्हणते, "सगळं सरी आहे, ठीक आहे, तू बाळाकडे बघ," आणि मागून टीव्हीवरच्या कोणा बाईचे रडणे ऐकू येते.

तू स्वतः डॉक्टरांकडे जा. ते जे सांगतील ते जसेच्या तसे लिही. घरात कोण काय म्हणाले तेही लिही. तू काही लपवतोस तेव्हा तुझे अक्षर जास्त सुंदर येते. हे पत्र फारच सुंदर होते.

संध्या

---

बनशंकरी
५ जुलै १९९६

ति. सौ. अक्का,

रागावू नकोस. डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांना अर्धी मराठी येते, मला अर्धे इंग्रजी येते, उरलेले आम्ही कन्नडमध्ये भागवले. त्यांनी विचारले, "छापखान्यात व्होल्टेज पडलं तर काय करता?"

मी म्हणालो, "मशीन थांबवतो, सर. तसंच चालवलं तर मोटर जळते."

"म्हणजे मशीन मोडलं का?"

"नाही, सर."

"तुमच्या मामांच्या हृदयाचं तेच झालंय. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. एक भाग झटक्यात मेला, तो परत यायचा नाही. पण बाकीच्या भागाला रक्त कमी पडतंय, म्हणून त्यानं मरण्याऐवजी काम बंद केलंय. तो जिवंत आहे, नुसता थांबलाय. रक्त पोचवलं तर पुन्हा चालू होईल."

"आणि नाही पोचवलं तर, सर?"

"तुमचं मशीन वर्षभर तसंच पडलं तर?"

"गंजतं, सर."

"बस. तेच."

तर आधी तपासणी करायची. शिरेतून एक औषध थेंब थेंब द्यायचे आणि पडद्यावर हृदय पाहायचे. हृदयाची थिजलेली भिंत औषधाने हलली तर ती जिवंत. जिवंत भाग पुरेसा असेल तर बायपास. मी धोक्याचे विचारले. ते म्हणाले, अशा अशक्त हृदयाला ऑपरेशनचा धोका नेहमीपेक्षा जास्त आहे, ते लपवणार नाही. पण स्नायू जिवंत असताना नुसते बसून राहण्याचा धोका त्याहून मोठा. आणि उशीर करू नका.

हे सगळे मी स्वयंपाकघरात सांगितले. हॉलमध्ये मामा असल्याने आपल्या घराच्या सगळ्या सभा हल्ली गॅसजवळ होतात. मामी, अभिराज आणि उपेंद्रराव होते. उपेंद्रराव मामांना भेटायला म्हणून येतात आणि सरळ आत येऊन उप्पिट खातात.

मामींनी विचारले, "म्हणजे ते पहिल्यासारखे होणार?"

मी हो म्हणालो.

मग अभिराज म्हणाला, "पहिल्यासारखे म्हणजे, अगदी पहिल्यासारखे?"

"डॉक्टर म्हणाले, चालतील, फिरतील, जिनासुद्धा चढतील."

"आणि आवाज?" उपेंद्ररावांनी चमचा खाली ठेवला. "नंदू, तू डॉक्टरांना नीट विचार. हृदय पूर्ण बरं व्हावं, त्याबद्दल वाद नाही. पण आवाजापुरतं थोडं कमी ठेवता येईल का? हल्ली मेडिकल सायन्स फार पुढं गेलंय."

अभिराज म्हणाला, "लग्नानंतर करू या ना. तोपर्यंत त्यांना विश्रांती."

"लग्न कधी?"

"दिव्यश्रीच्या घरचे पुढच्या वर्षी म्हणतायत."

मामी कढईत उलथणे फिरवत होत्या, कढईत काही नव्हते. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला ते हवेत रे. नको कोण म्हणेल? पण परवा त्यांनी मला विचारलं, जेवलीस का. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं."

अक्का, मी विचार करून लिहितो. या घरात मामांचे मरण कोणालाही नको आहे. सगळे त्यांच्या गोळ्या वेळेवर देतात, पाय चेपतात, उशी सारखी करतात. पण ते बरे व्हायलाही कोणाला नको आहेत. आणि काल त्यांनी मला "नंदाजीराव" म्हणून हाक मारली तेव्हा माझ्याही मनात आले, की असेच राहिले तर काय वाईट.

नंदू

---

पुणे
१४ जुलै १९९६

चि. नंदू,

शाबास. सगळे लिहिलेस.

आता ऐक. आईला सांग, अप्पा प्रेमळ झालेले नाहीत. त्यांना धाप लागते आहे. "या घरात कोणी जिवंत आहे का" एवढे म्हणायला छातीत जेवढी हवा लागते तेवढी त्यांच्याकडे उरलेली नाही, म्हणून ते "बाळ" म्हणतात. बाळ हा शब्द लहान आहे. तुम्ही सगळे त्यांच्या आजाराच्या प्रेमात पडला आहात.

लहानपणी मी त्यांच्या आवाजाला भिऊन माळ्यावर अभ्यास केला. तो आवाज मला फार आवडायचा असे मी म्हणणार नाही. पण माझ्या मुलाने तो एकदा तरी ऐकावा.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू तबक ठेव. तपासणीचे आणि ऑपरेशनचे, दोन्हींचे एकच. तूच ठेव. बाकी कोणी ठेवणार नाही.

संध्या

---

बनशंकरी
२८ जुलै १९९६

ति. सौ. अक्का,

तबक ठेवले. ठेवताना सुपारी खाली सांडली. ती वेचून परत ठेवली आणि मोठ्याने म्हणालो, "मामा, तपासणी करून, डॉक्टर म्हणाले तर ऑपरेशन करायचं आहे." मामांनी तबकाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग डोळे मिटले. दिवसभर सगळे कोणत्या ना कोणत्या निमित्ताने हॉलमधून जात राहिले. मामींनी एकच कोपरा चारदा पुसला. अभिराजने ऑफिसला दांडी मारली. दिवेलागण झाली. तबक जागेवर होते.

मी म्हणालो, "होकार."

अभिराज म्हणाला, "असा कसा होकार? माणूस आजारी आहे. हात उचलायची ताकद नाही त्यांच्यात. याला काय होकार म्हणायचं?"

उपेंद्रराव म्हणाले, "बरोबर आहे. पद्धत निरोगी माणसासाठी असते. एवढ्या मोठ्या गोष्टीला असा होकार धरला तर लोक आपल्याला काय म्हणतील?"

मला वाद घालता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी फक्त विचारले, "मग केबलचं काय? आणि दिव्यश्री वहिनींचं? आणि सभागृहाचं? आणि माझ्या डीटीपीचं? तेव्हाही हात असाच होता."

अक्का, तेवढ्यात टीव्हीवर साबणाची जाहिरात सुरू झाली. सभागृहात क्लासवाल्यांची टेबले येऊन पडली होती. अभिराजने दिव्यश्रीच्या वडिलांना शब्द दिला होता. मामींनी हळूच आवाज बंद केला.

उपेंद्ररावांनीच प्रथम घसा साफ केला. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "परंपरेत ताकदीचा उल्लेख कुठंच नाही."

"नाहीच," अभिराज म्हणाला.

"तबक हललं नाही म्हणजे हललं नाही," मामी म्हणाल्या. "गाडी सांग नंदू, उद्याची."

अशा रीतीने आपल्या घराने मामांना बरे करायचे ठरवले.

तपासणीच्या वेळी मला दाराशी उभे राहू दिले. पडद्यावर करड्या रंगात हृदय दिसते. सगळे कुठे ना कुठे हलत होते, फक्त एका बाजूची भिंत कचेरीतल्या कारकुनासारखी जागेवर बसून होती. औषध सुरू झाले. आधी काहीच नाही. मग त्या भिंतीने थोडे अंग हलवले. मग आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. डॉक्टर म्हणाले, "नोडि, बदुकिदे." बघा, जिवंत आहे. एक कोपरा मात्र हलला नाही. तो गेलेला.

मग डॉक्टरांनी मामांना स्वतःला विचारले. ते म्हणाले, तबकबिबक मला कळत नाही, मला माणसाच्या तोंडून ऐकायचे आहे. ऑपरेशनमध्ये जिवाला धोका आहे हेही सांगितले. मामा मधे मधे थांबत बोलले, ते जसे बोलले तसे लिहितो:

"करा. इतक्या लोकांना... नाही म्हणायचं... राहून गेलंय."

मी ही गोष्ट घरी सांगितलेली नाही.

नंदू

---

पुणे
४ सप्टेंबर १९९६

चि. नंदू,

ऑपरेशन झाले, अप्पा शुद्धीवर आले, एवढे अभिराजने फोनवर सांगितले, आणि लगेच साखरपुड्याची तारीख सांगितली. एवढी घाई कशाची? तू गप्प का आहेस? अप्पांना बरे वाटते आहे का? भिंत हलते का? दोन ओळी लिही, वाईट अक्षरात लिहिलीस तरी चालेल.

संध्या

---

बनशंकरी
१५ सप्टेंबर १९९६

ति. सौ. अक्का,

क्षमा कर. इस्पितळात जागायची पाळी माझीच होती. ऑपरेशनच्या दिवशी मामी देवळात जाऊन बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. आत नेताना मामांनी त्यांचा हात धरला होता, तो परिचारिकेला सोडवावा लागला. उपेंद्ररावसुद्धा रडले, आणि ते खरे रडणे होते, कारण त्यांना उप्पिट दिले तरी त्यांनी घेतले नाही.

आता मामा घरी आहेत. छातीवरची जखम भरते आहे, पण अशक्तपणा तसाच आहे. मला वाटले होते की रक्त पोचले की दिवा लागावा तसे होईल. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस थांबलेला स्नायू एका दिवसात कामाला लागत नाही. काही आठवडे, कधी कधी काही महिने लागतात.

हे ऐकल्यावर घरात गडबड सुरू झाली. त्यांचा स्नायू जागा होण्याच्या आत सगळ्यांना सगळे उरकायचे आहे. साखरपुडा दसऱ्याच्या आधी आणला. सभागृहाच्या दाराला क्लासची पाटी लागली. मामींनी हॉलमधला टीव्ही आतल्या खोलीत नेऊन भिंतीत पक्का बसवून घेतला. मी डीटीपीच्या पहिल्याच तुकडीत नाव घातले. रोज सकाळी मामा खाटेवरून उठताना सगळे कान देऊन ऐकतात, किती जोरात खोकले.

आज चहा गार होता. मामांनी कप बघितला आणि म्हणाले, "गार आहे." नुसते तेवढेच. पण वाक्य पूर्ण होते. मामी आत जाऊन खुर्चीत बसल्या.

नंदू

---

बनशंकरी
१९ जानेवारी १९९७

चि. सौ. संध्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र नंदूकडून लिहून घेतो आहे, कारण माझे अक्षर तुला कधीच लागले नाही. मी सांगेन तसेच लिहायचे असे त्याला बजावले आहे. (तसेच लिहितो आहे. नंदू.)

तुझा बाप बरा आहे. परवा पुन्हा पडद्यावर हृदय पाहिले. डॉक्टर म्हणाले, भिंत कामावर रुजू झाली, एक कोपरा गेला तो गेला, पण बाकीचे सगळे चालू आहे. सकाळी बनशंकरीच्या देवळापर्यंत जातो आणि परत येतो, मधे कुठे बसत नाही. गोळ्या मात्र जन्मभर.

आता कामाचे. उठून बसायला लागल्यापासून मी रोज अंघोळ करून, पगडी घालून हॉलमध्ये खुर्चीवर बसतो. उजवा हात मोकळा ठेवतो. चार महिने मी मनात एकेक तबक परत करत होतो, कुठले किती जोरात तेही ठरवले होते. आता हाताला ताकद आली, आणि तबक येत नाही.

एकही नाही. उपेंद्र आला, पाया पडला, म्हणाला, "अध्यक्ष, तब्येत जपा," आणि क्लासची तिसरी तुकडी सुरू झाली म्हणून पेढे देऊन गेला. मला विचारले नाही. अभिराजने लग्नाची तारीख धरली आणि मला कळवली. कळवली! ती मुलगी दर रविवारी येते, मला मावा, म्हणजे मामंजी, म्हणते, चालायचे बूट घेऊन आली. बूट चांगले आहेत. तुझ्या आईची मालिका लागली की जेवण मालिकेनंतर. हा नंदू छापखाना सोडून कॉम्प्युटरवर बसतो आणि संध्याकाळी येऊन मलाच शिकवतो. (हे वाक्य मामांनी दोनदा सांगितले. मी एकदाच लिहिले.)

गेल्या महिन्यात मी एकदा ओरडलो. चांगला आवाज आला, पहिल्यासारखा, भांडी वाजली. सगळे धावत आले. मला वाटले, आता बरोबर आहे. पण तुझी आई डोळे पुसायला लागली आणि अभिराज म्हणाला, "ऐकलं का? किती छान ओरडले अप्पा!" आणि त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनीही अभिनंदन केले. अशा घरात माणसाने रागवायचे तरी कसे?

ही माणसे वाईट नाहीत. मला जपतात. पण मी नसताना कसे करायचे हे ती शिकली, आणि मी परत येईन हे कोणी धरले नव्हते. (मामा इथे थांबले. पाणी मागितले. मी दिले.)

काल गॅसवाला आला. घरात मी एकटाच पुढे होतो. त्याने खांद्यावरचे सिलिंडर सावरत मला विचारले, "यजमान्रे, एल्लि इडली?" कुठे ठेवू? मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. नीट विचार केला. आधी स्वयंपाकघरात सांगितले, मग जिन्याखाली, मग पुन्हा स्वयंपाकघरात. बिचाऱ्याने तीनही वेळा उचलले, हूं की चूं केले नाही. मी त्याला बसवून कॉफी दिली.

तुझी आई दारात उभी राहून हे बघत होती. कॉफीचा पेला उचलून घेऊन गेली. मालिका लागायची वेळ झाली होती, तरी टीव्हीचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, उद्या भाजी कसली करू?"

मी तिला म्हटले आहे, घाई करू नकोस, विचार करून सांगतो.

तुझा,
अप्पा